कारणाचा रकाना

धाकटीनं लोखंडी चौकट कुरणात टाकली, गुडघे टेकले आणि चौकटीत आलेलं गवत मोजायला घेतलं. शेळ्या उताराकडे वळवून ताई तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"दलदल बुजवली म्हणे."

"परवाच."

"तू वाचवणार होतीस ना?"

वाचवणारच होती. शहराकडची ती दलदल गोदामांसाठी बुजवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या जीवांची मोजणी धाकटीकडेच आली. नियम असा, की बुजणाऱ्या जागेतल्या निसर्गाला मोजणीत जितके गुण मिळतील, तितके दुसरीकडची जमीन कुंपण घालून, सुधारून भरून द्यायचे. तिनं हात सैल सोडला. दोन बेडूक दिसले तिथे पाच लिहिले. भरपाईचा आकडा ऐकूनच कंपनी नाद सोडेल, अशी तिची अटकळ. कंपनीनं दुप्पट जमीन शोधली, एवढंच. नेमकी ही टेकडी सापडली, सरकारी पडीक, जिथे ताईच्या शेळ्या वीस वर्षं चरत आल्या ती. अतिशहाणपणा अंगाशी आला तो असा, आणि तोही बहिणीच्या.

"मग इथलंही चांगलं लिही," ताई खाली बसत म्हणाली. बोटांनी पाती बाजूला सारत ती पुटपुटत गेली. "अकरा जाती आहेत एवढ्याशा चौकटीत. मोज."

अकराच होत्या. धाकटीनं दोनदा मोजल्या.

"आधीच चांगलं आहे म्हटलं, तर सुधारायला काही उरत नाही, ताई. मग गुण पुरे करायला ओढ्यापर्यंतची जमीनही कुंपणात घेतील. वाईट लिहिलं तर एवढ्यावर भागेल."

"ओढ्याकडचं राहील?"

"राहील."

ताईनं ओढ्याकडचा पट्टा नजरेनं मापला. तेवढ्या जमिनीवर निम्म्या शेळ्याही जगणार नव्हत्या, हे दोघींनाही कळत होतं.

"लिही मग."

धाकटीनं लिहिलं. जाती दोन. दर्जा निकृष्ट. पुढे कारणाचा रकाना होता. तिथे पेन अडलं, मग तेही लिहून झालं. खाली जमीन वापरणाऱ्याची सही हवी होती. तिनं मान वर न करता कागद पुढे केला.

ताईनं सगळं वाचलं. एक उतार चरला की दुसरा राखायचा, हे तिनं वीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. कारण म्हणून लिहिलं होतं, शेळ्यांची बेसुमार चराई.

तिनं कागद मांडीवर सरळ केला आणि पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहायची तसं, सावकाश.

"वाचता येतंय ना माझं नाव?" तिनं विचारलं, आणि पेन परत दिलं.