फाटकाबाहेरचा बाप

लिलाववाल्याला शांतता सोसत नसे. जुनी कपाटं, बंद कारखान्यांची यंत्रं, बुडालेल्या हॉटेलांच्या खुर्च्या तो लिलावात विकायचा, आणि त्या धंद्यात दालन गप्प झालं की भाव संपला म्हणून समजायचं. त्यामुळे घरीही कुणी जरा गप्प बसलं, की हा आपला आवाज घेऊन धावून यायचाच.

पोरगी आठ वर्षांची. मनाविरुद्ध काही घडलं, अगदी बूट नीट बसला नाही तरी ती किंचाळायची आणि भिंतीवर डोकं आपटायची. मग बाप सवयीने पुकारायचा, "तीन म्हणायच्या आत गप्प व्हायचं! एक... दोन..." प्रत्येक आकड्याला किंकाळी चढायची. चढवण्याच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

शेवटी शाळेच्या बाईंनी बजावलं, सत्र संपेपर्यंत फरक पडला नाही तर मुलीला निवासी शाळेत पाठवा. बायकोने अन्नपाणी टाकलं. त्याच्या थोरल्या बहिणीने मात्र फोनवर उचलली जीभ लावली टाळ्याला, "अरे, लाडावून ठेवलीयस! दोन दे ठेवून." लिलाववाल्याने आयुष्यात पहिल्यांदाच तिचं बोलणं तोडून फोन ठेवला. पोरगी लांब जाणार, हे त्याला कबूलच नव्हतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला गावाबाहेरच्या तबेल्यात न्यायला लागले. तिथल्या शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, "घोडीच्या अंगावरून ब्रश फिरवायचा, एवढंच. आणि कुणी बोलायचं नाही." घोडी म्हातारी, पोट सुटलेली, नाव मात्र महाराणी.

पोरीने ब्रश फिरवला. घोडीने मान खाली घातली. पोरीने घोडीच्या पोटाला गाल लावला आणि तिचे ताठलेले खांदे सैल पडले. एवढा देखणा देखावा, आणि वर्णन करायला कुणी नाही? लिलाववाल्याला राहवलं नाही. "शाब्बास! बघा, बघा, काय हात फिरतोय!"

घोडी दचकून मागे सरली. पोरगी किंचाळत गवताच्या ढिगात घुसली.

"घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं मला," बाई म्हणाली. "साहेब, उद्यापासून तुम्ही फाटकाबाहेर."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भल्याभल्या व्यापाऱ्यांना नाचवणारा माणूस, त्याला एका घोडीसाठी बाहेर काढलं! तरी तो मुकाट गेला, कारण सत्र संपत आलं होतं. गाडीच्या काचा वर करून तो स्टिअरिंगलाच सगळं वर्णन ऐकवी, आणि बोलून दमला की फाटकाच्या फटीतून बघे. महाराणी काही करतच नसे. पोरगी कुरकुरली, तरी तिच्याकडे न बघता आडवी उभी राही, नाकाने लांब श्वास सोडी आणि शेवटी पोरीच्या सपाट तळहातावरचं गाजर खाई.

"याची फी घेतात?" तो बायकोला म्हणाला.

"अहो, तुम्हाला फुकट तरी जमेल का?"

तबेल्यात पोरगी निवळली, पण घरी ये रे माझ्या मागल्या. लिलाववाल्याने घोडी विकत घ्यायचाही विचार केला, पण राहणं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट माणसांची.

एका संध्याकाळी बायको बाहेर गेली असताना पोरीचा चित्राचा कागद टर्रकन फाटला. आधी किंकाळी, मग भिंत. "एक..." त्याने पुकारलं, आणि तिच्या कपाळावरचं टेंगूळ त्याला दिसलं. पुढचा आकडा त्याने गिळला.

भिंत आणि पोरगी यांच्या मधोमध तो आडवा बसला, तिच्याकडे न बघता. डोकं त्याच्या बरगडीवर आदळायला लागलं. "आई गं" म्हणायचीही चोरी! तो नाकाने लांब श्वास सोडत राहिला. घशाशी आलेले शब्द एकेक करून परत पाठवत राहिला. हळूहळू आदळणं थांबलं. पोरीने त्याच्या पाठीला गाल लावला. साऱ्या इमारतीला ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने पोरगी उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती सपाट तळहातावर न धुतलेलं गाजर घेऊन, आणि ते तिने त्याच्या ओठांशी धरलं.

लिलाववाल्याने मान खाली घातली आणि मातीसकट गाजर खाल्लं. रडला, तोही आवाज न करता.