मऊ पोलादाचा बोल्ट

मी एक बोल्ट बोलतोय. अंजूरच्या एका घरात, खिडकीच्या कट्ट्यावर असतो.

लहानपणी मी तार होतो. कारखान्यातून भल्यामोठ्या गुंडाळीत निघालो, तेव्हा मी कुठे सुरू होतो आणि शेजारचा भाऊ कुठे संपतो, हे आम्हालाही कळत नव्हतं. तसा एकोपा पुन्हा कधी मिळाला नाही.

टेम्पोने आम्हाला राहनाळला, बाळारामशेठच्या वर्कशॉपमध्ये उतरवलं. शेठनी तारेचं टोक वाकवून पाहिलं. "मऊ हाय. चांगली हाय."

मला राग आला. पोलादाला कुणी मऊ म्हणतं का? पण यंत्राने तुकडा तोडून एका ठोक्यात माझं डोकं घडवलं, तेव्हा पटलं. कडक असतो तर तिथेच तडकलो असतो.

आटे पडल्यावर मी ठकुबाईच्या हातात आलो. लग्नसराईत ती गावोगावी धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायची, एरवी आमच्यात बसून बोल्ट तपासायची. प्रत्येकावर नट फिरवताना हळदीचं गाणं गुणगुणायची आणि मग, "जा बाबा, सुखानं नांद," म्हणून पेटीत सोडायची. तेलाचा वास, तिच्या बांगड्या, तो आवाज. अजून आठवतं सगळं.

नांदायला गेलो पूर्ण्याच्या एका गोदामात. रॅकच्या आडव्या पट्टीला मला कसून आवळलं. वर खोक्यांची चळत, खाली भावनाताई. ती खोक्यांवर लेबलं चिकटवायची. मला कधी कुणी पाहिलं नाही. बोल्टाकडे कोण बघतं?

एके दुपारी मनोजची फोर्कलिफ्ट मागे येताना रॅकच्या पायावर आदळली. पाय सरकला. सगळा भार माझ्यावर आला. ताई अगदी खाली बसलेली. मी वाकू लागलो, कण्हल्यासारखा आवाज निघाला. तिने वर पाहिलं.

"ताई, हट! हट तिथून!" मनोज ओरडला.

ती हातातली लेबलं टाकून बाहेर धावली. पट्टी कलली, चार खोकी जिथे ती बसली होती तिथेच आपटली. बाकीचा भार मी धरून होतो. माणसांनी वरून माल उतरवेपर्यंत मी सुटलो नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवा बोल्ट बसला. मी भंगाराच्या डब्यात पडलो. ताईने मला शोधून काढलं.

"याचं काय करणार?" सुपरवायझर हसला.

"घरी नेते," ती म्हणाली.

आता ती अधूनमधून मला तेलाचं बोट लावते. सासू विचारते, "हा कशाला ठेवलास गं?" ताई हसून मला पुन्हा कट्ट्यावर ठेवते.

परवा तिचा नवरा प्रितम हातोडी घेऊन आला. "दे, सरळ करतो. फाटकाला होईल."

ताईने मला मुठीत घेतलं.

"न्हाय," ती म्हणाली. "याला आता कायबी उचलाय लावायचं न्हाय."