एकवीस दिवसांचे टेकू

"टेकू काढायची घाई करायची नाही, पोरी. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस! वर राजा बसायचा असला तरी त्याला सांगायचं, महाराज, जरा उभे राहा."

आबांचं हे बोलणं सुनेच्या कानात अजून ताजं होतं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासरे नावाजलेले गवंडी होते आणि तीही त्यांच्या हाताखाली घमेली उचलायला जायची. स्लॅब ओतला की खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू तसेच ठेवायचे, वर वाळूचे बांध घालून वाफे करायचे, त्यात सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं. घरमालकाने कितीही गयावया केली तरी तीन आठवडे टेकूला हात लावू द्यायचा नाही. "स्लॅबला तोंड नसतं," आबा म्हणायचे. "भार पेलवत नाही हे तो सांगणार नाही. आपणच ओळखायचं."

आता आबांनाही तोंड नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एवढा धिप्पाड माणूस, पण खाटेवरून उठवायला सून लागे आणि चालवायलाही सूनच लागे. संडास अंगणाच्या पार टोकाला. मधे खडबडीत दगड, एक उंच पायरी आणि नेहमी ओली राहणारी नळाजवळची जागा. आबांचा डावा हात आपल्या खांद्यावर घ्यायचा, कमरेला मिठी मारायची आणि एकेक पाऊल सरकायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. तिच्या कंबरेत आताशा रात्रंदिवस कळ असे. पण त्याहून तिला आबांच्या डोळ्यांकडे बघवत नसे. सुनेच्या अंगावर भार टाकावा लागतो म्हणून तो माणूस पाणी प्यायचं टाळायचा!

तिचा नवरा पहिल्याच महिन्यात आबांचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "आबा, तुमच्या खोलीला लागून मोरी आणि संडास बांधून देतो. हा माझा शब्द."

शब्द दिला आणि त्याच सुमारास त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने नवीन चर्च बांधायला काढलं.

नवरा बापाच्याच हाताखाली तयार झालेला मिस्त्री. सोमवार ते शुक्रवार तो पोटासाठी काम करी. संध्याकाळी आणि शनिवारी चर्चच्या पायाडावर. चर्चमध्ये त्याला सगळे कौतुकाने 'खांब' म्हणत. "आपला खांब आला की भिंत आपोआप उभी राहते!" चर्चचे धर्मगुरू असलेले पाळकसुद्धा हसून म्हणत. चौदा वर्षांची लेक घरी म्हणायची, "आई, पप्पांची सही हवी आहे शाळेच्या कागदावर. शिडी कुठे ठेवलीय?"

हसून घेतलं तिने. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तरी हसत राहिली. देवाचं काम आहे. देवाच्या कामाला कोण नाही म्हणेल? पहाटे उठून प्रार्थना करायची, बुधवारचा उपास धरायचा, शनिवारी कामावरच्या सगळ्यांचा चहा किटलीत भरून पोचवायचा आणि परत येऊन आबांना उठवायचं.

शेवटी अडीच वर्षांनी मोरी-संडासाच्या खोलीच्या भिंती उठल्या. सोमवारी त्या एवढ्याशा खोलीवर स्लॅब ओतला गेला. त्या दिवशी आबांनी डाव्या हाताने खाटेवर दोनदा थाप मारली. खूश झाले की ते तसं करत. वाफे तिने स्वतः बांधले. पाणी तिने स्वतः भरलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

शनिवारी सकाळी ती किटली घेऊन चर्चवर गेली. परत आली तर अंगणात हातगाडी उभी आणि नवरा खोलीतले टेकू ठोकून काढतोय!

"अहो, हे काय चाललंय?"

"चर्चच्या पोर्चचा स्लॅब आज टाकायचाय. टेकू कमी पडतायत. दुपारी माल कालवायचा आहे, सगळे थांबलेत."

"अहो, आज पाचवा दिवस आहे!"

"छोटासा तर स्लॅब आहे. काही होत नाही. मी काय आजचा मिस्त्री आहे का?"

आतल्या खोलीतून धाड् धाड् आवाज आला. आबा. डावी मूठ ते खाटेच्या लाकडावर आपटत होते. चेहरा लालबुंद, तोंडातून नुसता घरघरता सूर. नवरा दारापाशी गेला आणि मोठ्याने म्हणाला, "आबा, देवाचं काम आहे! देव सांभाळून घेईल." हातगाडी अंगणाबाहेर पडली तरी मूठ आपटतच होती. दुपारी तिने त्यांचं मनगट पाहिलं, तर ते सुजलं होतं.

नवरा मिस्त्री आहे, काही होत नाही म्हणाला तर नसेल होत, असं तिने मनाला समजावलं आणि संध्याकाळी आबांचं मन रमावं म्हणून त्यांना धरून नव्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं, त्या स्लॅबच्या बरोबर खाली. "बघा आबा, इथे नळ येणार, इथे धरायला दांडा." आबांनी खाली पाहिलंच नाही. अर्धा तास ते वरच बघत होते.

रविवारी सकाळी ती वाफे भरायला वर चढली. बादल्या ओतल्या, खाली उतरली, आबांना अंघोळ घातली. उपासनेला निघण्याआधी सहज डोकावली तर वाफे कोरडे! एवढं पाणी दोन तासांत गेलं कुठे? ती धावत खोलीत गेली. जमिनीवर डबकं साचलं होतं. वर स्लॅबच्या मधोमध या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चीर गेली होती, आणि स्लॅब मधे खाली झुकला होता.

काल संध्याकाळी आबांची खुर्ची जिथे होती, अगदी तिथेच वरून पाणी ठिबकत होतं.

तिच्या डोक्यात अशी सणक गेली की तिचं तिलाच नवल वाटलं. आयुष्यात कधी तिने आवाज चढवला नव्हता.

"अहो, इकडे या!"

नवरा इस्त्रीच्या शर्टाची बटणं लावत आला. वर पाहिलं. मिस्त्रीच तो, एका नजरेत समजला. तोंडचा रंग उतरला. पण माणूस चुकला की आधी चिडतो.

"ठीक आहे, पडला तडा. पुन्हा करू. कुणी मेलं का?"

"काल आबा इथे बसले होते!"

"तुला कुणी सांगितलं होतं बसवायला? आणि एवढं ओरडायला काय झालं? खरं सांगू, तुला देवाच्या कामाचा हेवा वाटतो."

"हेवा? हो, वाटतो! त्या टेकूंचा वाटतो. त्यांना तरी तुमचा हात लागला. तुमच्या बापाला अडीच वर्षांत एकदा तरी संडासला नेलंत का तुम्ही?"

तो चर्चला निघून गेला. तीही गेली. शेजारच्या शिंपीणकाकूंना आबांजवळ बसवून ती उपासनेला गेली, कारण रविवार तिने कधी चुकवला नव्हता. पण त्या दिवशी तिच्या ओठांतून एकही गीत उमटलं नाही.

उपासना संपली. सूचना सुरू झाल्या. बांधकाम समितीचे अध्यक्ष उठले. "काल पोर्चचा स्लॅब वेळेत ओतला गेला, परमेश्वराचे आभार! आणि आपल्या खांबाचेही. स्वतःच्या घरचे टेकू काढून आणले या माणसाने! याला म्हणतात त्याग. प्रवेशद्वाराशी जी संगमरवरी पाटी लागेल तिच्यावर यांचं नाव कोरायचं समितीने ठरवलं आहे."

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत ती उभी राहिली.

"मला बोलायचंय."

अध्यक्ष गोंधळले. "ताई, सूचना चालू आहेत."

"माझीही सूचनाच आहे. पाटीवर आबांचं नावही कोरा. टेकू त्यांच्या डोक्यावरचे होते. पाचव्या दिवशी काढले. आज सकाळी स्लॅबला आरपार चीर गेलीय. काल संध्याकाळी आबा त्याच्याखाली बसले होते."

टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "घरची भांडणं घरी असावीत." कुणी म्हणालं, "खाली बस गं बाई, शोभतं का हे?"

"घरचं भांडण असतं तर घरीच ठेवलं असतं," ती म्हणाली. "पण टेकू इथे आणलेत ना? मग भांडणही इथेच येणार! अडीच वर्षं तुम्ही सगळे या माणसाला खांब म्हणताय. एकाने तरी विचारलं का, की हा इथे उभा आहे तर याच्या घरी छताला काय लावलंय?"

नवरा खाली मान घालून बसला होता. कान लालभडक झाले होते. तेवढ्यात पुढच्या बाकावरून सुतारकाका उठले. सत्तरीचे, आबांचे जोडीदार. चर्चचं सगळं लाकूडकाम आणि स्लॅबखालच्या टेकू-फळ्यांचं सेंट्रिंग त्यांच्या देखरेखीखाली होतं.

"काय रे," ते नवऱ्याला म्हणाले, "काल तू मला म्हणालास, घरच्या स्लॅबचे दिवस भरलेत. मी दोनदा विचारलं. हो की नाही?"

"काका, काम अडलं होतं..."

"हो की नाही?"

"हो."

"म्हणजे देवाच्या दारात खोटं बोलून देवाच्या दाराला टेकू दिलास! अरे, देवाला काय छप्पर नाही म्हणून तो अडून बसलाय? पाऊसपाणी झेलत तो उभा नाहीये बाहेर! पांगळा झालाय तो तुझा बाप. ज्याने तुला ओळंबा धरायला शिकवला. भिंत सरळ आहे की नाही हे भिंतीला विचारतोस, कधी स्वतःला लावलास तो ओळंबा?"

अध्यक्ष मधे पडले. "काका, पण भावना चांगली होती. देवासाठी..."

"साहेब, आईबापाच्या वाट्याचं देवाला वाहिलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांवर आपले प्रभू केवढे संतापले होते! त्यांना असलं दान नको होतं. आणि आपण पाटी कोरतोय!"

अध्यक्ष खाली बसले. मग पाळक हळूच म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही. दर शनिवारी ताईंच्या हातचा चहा प्यालो, पण घरी कसं चाललंय हे विचारलं नाही. पाटी नको."

"आणि पोर्चचे टेकू आता काढून परत न्यायचे म्हणू नका कुणी," सुतारकाकांनी बजावलं. "इथले एकवीस दिवस इथे भरू द्या. एक चूक झाली तेवढी पुरे. त्याच्या घरासाठी माझ्या वखारीतल्या बल्ल्या मी देतो. पण हात त्याचे लागले पाहिजेत."

वाचकहो, राग हा वाईट, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जो राग तोंड नसलेल्यासाठी तोंड उघडतो, तो गिळून टाकणं हेही पापच. आपल्यापैकी किती जणांच्या घरात असा एखादा टेकू चुपचाप काढून नेला जातो! कधी देवासाठी, कधी समाजासाठी, कधी चारचौघांतल्या नावासाठी. बाहेरच्या भिंतीवर टाळ्या पडतात आणि आत कुणीतरी वर बघत बसलेलं असतं. सेवा जरूर करावी. पण घरात ज्याला आपला आधार आहे, त्याचा आधार काढून केलेली सेवा देवापर्यंत पोचत नाही. ती पाटीपर्यंतच पोचते.

त्या दिवशी नवरा तिच्या आधी घरी पोचला होता. ती अंगणात शिरली तेव्हा शिंपीणकाकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "अगं, बघ तरी."

नवरा आबांना घेऊन अंगणातून चालला होता. आबांचा डावा हात त्याच्या खांद्यावर, त्याचा हात आबांच्या कमरेला. उंच पायरीशी त्याला दम लागला. नळाजवळच्या ओल्या दगडावर त्याचा पाय सटकला, दोघंही हेलपाटले, आणि त्याने आबांना छातीशी घट्ट धरलं. किती वेळ तो तसाच उभा राहिला. मग तिच्याकडे वळून म्हणाला,

"रोज? एवढं रोज?"

"पाच-सहा वेळा," ती म्हणाली. अजून चिडलेलीच होती. इतक्या लगेच विरघळण्याएवढा तिचा राग स्वस्त नव्हता.

"तू बोलली का नाहीस?"

"आबाही बोलले होते काल. मूठ आपटून. तुम्हाला ऐकू आलं का?"

त्याने आबांचं सुजलेलं मनगट उचललं आणि कपाळाला लावलं. रडला. तिने पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती प्रार्थनेला उठली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. कामावरच्या मुकादमाकडे सुट्टीचा निरोप त्याने आदल्या संध्याकाळीच धाडला होता. तिने खिडकीतून पाहिलं. उजाडायला लागलं होतं. नवऱ्याने जुना सदरा घातला होता, हातात छिन्नी-हातोडा, खांद्यावर आबांचा जुना ओळंबा. रोजच्यासारखा तो फाटकाकडे वळला नाही. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन, ओले दगड चुकवत, तो तडा गेलेल्या नव्या खोलीकडे निघाला.

आतून खाटेवर थाप ऐकू आली. एक. मग दुसरी.