सख्ख्या बहिणीसाठी अर्ज

रोवेना टिडवेलला कॉलेजातल्या पोरींच्या भगिनी मंडळात, म्हणजे तिकडच्या सोरोरिटीत, जायची हौस बिलकूल नव्हती. बावीस वर्षांची घोडी ती. दोन वर्षं टायरच्या दुकानात काउंटर सांभाळत गावातल्या छोट्या कॉलेजात शिकली आणि जानेवारीत अलाबामातल्या या मोठ्या विद्यापीठात बदली घेऊन आली. तिला आपली धाकटी बहीण परत हवी होती, बस. पण धाकटी हॅडली वर्षभर आधीच इथे येऊन मंडळाची सभासद झाली होती आणि पांढऱ्या खांबांच्या बंगल्यात राहत होती. मंडळातल्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी, म्हणजे तिला आता छप्पन्न बहिणी होत्या. त्यातून सख्खीला वेळ कुठून काढणार बिचारी?

रोवेना दुपारचा डबा ग्रंथालयामागच्या पार्किंगमध्ये, आजोबांच्या जुन्या पिकअपमध्ये बसून एकटीच खायची. हॅडली दिसायची, नाही असं नाही. गोल्फ कार्टमध्ये पाचसहा जणींबरोबर दाटीवाटीनं बसून समोरून जायची. एकदा तर "रो, किती गोड दिसतेयस!" असं ओरडलीसुद्धा. कार्ट मात्र थांबली नाही.

शेवटी रोवेनानं कंबर कसली. सख्खी म्हणून भेटत नाही ना ही, मग मंडळाची म्हणून तरी भेटेल. तिसऱ्या वर्षाला कुणी मंडळात शिरत नाही, तिथे सगळ्या अठरा वर्षांच्या पोरी असतात, हे तिला चार जणींनी सांगून पाहिलं. तिनं ऑगस्टमध्ये अर्ज भरलाच.

आणि अर्ज भरल्या दिवसापासून हॅडलीनं तिच्याशी बोलणंच बंद केलं! आता बोला! मंडळाचा नियमच तसा. निवड संपेपर्यंत सभासदांनी अर्जदार मुलींशी चहापानाच्या कार्यक्रमाबाहेर अवाक्षर काढायचं नाही, म्हणजे वशिला लागत नाही. तो मौनाचा आठवडा नेमका आईच्या वाढदिवसावर आला आणि दोघी घरी एका टेबलावर जेवायला बसल्या.

"आई, तिला म्हणावं बटर बीन्स इकडे सरकव," हॅडली भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "तिला म्हणजे कुणाला? अगं, बहीण आहे ना ती तुझी!"

"अजून ठरलेलं नाही, आई. शनिवारी निकाल आहे."

"कसला डोंबलाचा निकाल? मी जन्म दिलाय तिला. त्याला कुणाची मंजुरी लागते?"

"मॅकेना-केटला कळलं तर अख्ख्या मंडळाला दंड होईल, आई!" मॅकेना-केट म्हणजे मंडळाची अध्यक्ष. वय वर्षं वीस, पण हॅडली तिचं नाव काढतानाही आवाज खाली आणायची.

रोवेनानं वाडगा सरकवला. "घे गं."

"ऐकलं नाही! मी काही ऐकलं नाही!" असं किंचाळत हॅडलीनं कानात बोट घातलं, आणि उरलेल्या हातानं वाडगाभर बीन्स संपवल्या.

"एका टबात आंघोळ करायचात दोघी," आई डोक्याला हात लावून म्हणाली.

"तेव्हा ती अर्जदार नव्हती," हॅडलीनं भिंतीला सांगितलं. रोवेना हसली खरी, पण आपलं चिकन तिनं आईच्या ताटात सरकवलं.

चहापानाच्या दिवशी उन्हानं जीव नकोसा झाला होता. बंगल्यासमोर फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या पोरींची रांग लागली होती आणि त्यांच्यात रोवेना, मावसबहिणीच्या लग्नात घातलेल्या निळ्या ड्रेसमध्ये. पुढच्या पोरीनं तिला कुणाची तरी आई समजून आपली पर्स धरायला दिली. रोवेनानं ती धरली. तेवढ्यात दार उघडलं. स्वागताची रीत म्हणून चौकटीत खालपासून वरपर्यंत मुलींची नुसती डोकी रचलेली, आणि सगळ्याच टाळ्या पिटत बेंबीच्या देठापासून गात होत्या. खालून तिसऱ्या थरात हॅडलीचं डोकं होतं. ते रोवेनाकडे सोडून सगळीकडे बघत होतं.

आत एकेका अर्जदाराला एकेका खुर्चीवर बसवलं. समोर सभासद येऊन बसते, थोडं बोलते, मागून दुसरी खांद्यावर थाप मारते, की पहिलीनं उठायचं आणि दुसरीनं बसायचं. मुलगे, दारू, देव, राजकारण आणि पैसा हे विषय बंद. एवढं वगळल्यावर माणसानं बोलायचं काय? गाव आणि भावंडं. रोवेनानं आपलं गाव आणि आपली भावंडं तिघींना सांगितली आणि चौथी येऊन बसली ती हॅडली.

"हाय! मी हॅडली!" बत्तिशी पूर्ण उघडी. मॅकेना-केट मागेच कान देऊन उभी होती. "तू कुठली गं?"

"तुझ्या शेजारच्या खोलीतली."

"अय्या, किती छान! आणि घरी कोण कोण असतं?"

"आई असते. एक बहीण आहे."

"वा! कशी आहे ती?"

रोवेनानं चांगलं चार शब्दांत टोमणा मारायचं योजून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून भलतंच निघालं. "गुणी होती. वीज कडाडली की माझ्या अंथरुणात घुसायची, आणि पाय इतके गार की मला झोप लागायची नाही. सँडविचच्या कडा तिला चालायच्या नाहीत. त्या काढून मला खायला लावायची. आता वेळ नसतो तिला. मी रोज दुपारी गाडीत बसते, वाटतं आज तरी येईल. फार आठवण येते गं तिची."

हॅडलीचं हसू तसूभर हललं नाही, कारण बसल्याजागी हसू उतरता कामा नये, असा नियम होता. पण त्या हसऱ्या तोंडावरून डोळ्यांतलं पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"हॅडली, काजळ!" मॅकेना-केट दात न हलवता म्हणाली.

"आणि तुला?" रोवेनानं विचारलं. "तुला आहे का बहीण?"

हॅडलीनं तोंड उघडलं. त्याच क्षणी तिच्या खांद्यावर थाप पडली. ती उठली, दोन पावलं उलटी चालली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. खुर्चीवर एक नवीन मुलगी येऊन बसली होती. "हाय! तू कुठली गं?" तिनं विचारलं.

शनिवारी सकाळी निवड समितीतल्या एका मुलीचा फोन आला. आवाज असा, की जणू घरात कुणी गेलंय.

"तुझ्यात काही कमी नाही हं, रोवेना. पण तू तिसऱ्या वर्षाची. म्हणजे बहीण म्हणून आम्हाला दोनच वर्षं मिळणार. मंडळाला चार वर्षं टिकणाऱ्या बहिणी लागतात."

"मला एकोणीस वर्षांचा अनुभव आहे," रोवेना म्हणाली.

"अनुभवाचा रकाना अर्जात नसतो गं," ती मुलगी हळहळली.

रोवेना सवयीनं टोमॅटोचं सँडविच घेऊन ग्रंथालयामागे गेली आणि पिकअपमध्ये बसली. पलीकडच्या हिरवळीवर निवडलेल्या पोरी लिफाफे फोडून किंचाळत आपापल्या मंडळांच्या बंगल्यांकडे धावत होत्या. इतके दिवस बहीण नुसती भेटत नव्हती. आता तर मंडळानं तिलाच रीतसर नापास केलं होतं, सख्ख्या बहिणीच्या परीक्षेत. रोवेनाला हुंदका आवरेना. सँडविच मांडीवर तसंच राहिलं.

इतक्यात हिरवळीवरून कुणीतरी उलट्या दिशेनं धावत येताना दिसलं. खांद्यावर चमकी, एकाच पायात बूट, हातात कुणा नव्या निवडलेल्या मुलीसाठीचा 'स्वागत, ॲनालीस!' असा फलक. हॅडली! मागे मॅकेना-केट कर्णा घेऊन पळत होती.

"हॅडली! मौन पाचपर्यंत आहे!"

"अगं, पण तिला नाकारलंय ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाकारली तरी पाचपर्यंत ती अर्जदारच!" कर्णा गरजला. "हॅडली, एक शब्द बोललीस तर बंगल्यातून बाहेर!"

पिकअपचं पलीकडचं दार गुडघा मारल्याशिवाय उघडत नाही, हे टिडवेल घराण्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. हॅडलीनं गुडघा मारला, आत चढली आणि फलक पायाखाली टाकला. धाप लागली होती. मॅकेना-केट काचेला नाक लावून उभी राहिली.

"आहे," हॅडली म्हणाली.

"काय आहे?" रोवेनानं नाक पुसत विचारलं.

"तू विचारलं होतंस ना. मला बहीण आहे. थोरली. एकच आहे."

"बोलली! बोलली ती!" बाहेर कर्णा बोंबलला.

हॅडलीनं रोवेनाच्या मांडीवरचं सँडविच उचललं, चारी बाजूंच्या कडा तोडल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. रोवेनानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या.