मिठातले काळे कण

मी शिरोड्याच्या मिठागरवाल्याची लेक. मिठातलं मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता.

माझ्या लेकीचं नाव पूर्वी. तिच्या बाळंतपणासाठी जानेवारीत चंदीगडला आले. जावई हवाई दलात, सकाळीच ड्यूटीवर जायचे. मग बाहेर धुकं आणि घरात आम्ही दोघी. रस्ता, झाडं, समोरची घरं सगळं पुसलेलं. त्या पांढऱ्यात मला मिठाचे ढीग दिसायचे आणि त्यांच्यामधून चालत येणारे बाबा. हाक मारावीशी वाटायची.

लेकीचं हिमोग्लोबिन आठवर अडकलं होतं. लोहाची गोळी घेतली की ती ओकायची. सेक्टर बत्तीसच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जड जाईल. नवी गोळी दिली आणि एक खास मीठही लिहून दिलं. पाकीट फोडलं तर आत काळे कण!

"ह्या काय गो? मीठ कधी काळा असता?"

"राहू दे ना यार, आई. डॉक्टरने सांगितलंय."

दुकानदाराने फसवलं, दुसरं काय! दुपारी बाल्कनीत ऊन आलं की मी ताटलीत मीठ पसरायची आणि एकेक कण वेचायची. लहानपणी तिला बांगड्यातले काटे काढून भरवायची, अगदी तसं. बोटं चालत राहायची आणि ऊन सरकत जायचं. फार सुखाचे दिवस होते ते. वेचलेले कण बाटलीत ठेवले, दुकानदाराच्या तोंडावर मारायला.

नवी गोळीही तिच्या पोटात टिकत नव्हती. महिन्याने पुन्हा तपासलं. साडेसात.

"नमक वही खा रही है ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हां जी, एकदम साफ करके!" मी ऐटीत बाटली टेबलावर ठेवली.

त्या बाटलीकडे बघतच राहिल्या. "आंटीजी, यही तो लोहा है।"

नुसत्या मिठाने काही होत नसतं, आता शिरेतूनच लोह देऊ, असंही त्या म्हणाल्या. मला ते ऐकूच आलं नाही. सलाईन लावलेल्या पूर्वीजवळ बसले आणि रडू फुटलं.

"मियाच गो तुझ्या तोंडचो घास काढलंय."

"काटे काढायची सवय तुझी," ती म्हणाली आणि तिने माझी बोटं धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला दहीभात वाढला. वर एक काळा कण दिसत होता. माझं बोट उठलंच. मग दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि तिचा शेवटचा घास संपेपर्यंत तशीच बसून राहिले.