देवगडचे धोंडिराम

मी दिवसभर बोलते. तोच माझा धंदा आहे. सकाळी शेतकऱ्यांना बंधू-भगिनींनो म्हणते, मग बायकांना मैत्रिणींनो म्हणते, दुपारी कामगारांना नमस्कार घालते आणि संध्याकाळी पोरांना गोड आवाजात बालमित्रांनो म्हणून हाका मारते. मधे युवक, मधे ज्येष्ठ नागरिक, मधे भातावरचा करपा, बाजारभाव, नाट्यपदं आणि बाळाचं लसीकरण. ऐकणाऱ्याला वाटतं, सरकारी रेडिओवर केवढी माणसं कामाला असतील! अहो, कसली माणसं? मी आणि माझ्यासारख्या रोजंदारीवरच्या दोन-तीन कॅज्युअल निवेदिका. घसा तोच, तोंडातली लवंग तीच, फक्त समोरचा कागद बदलतो.

कायमच्या जागा कधीच्या रिकाम्या आहेत. त्या कोणी भरत नाही आणि कार्यक्रम मात्र एकही कमी करत नाही. सगळ्यांसाठी काहीतरी असलं पाहिजे ना! कोकणातल्यासाठी, विदर्भातल्यासाठी, आजोबांसाठी, नातवासाठी. माझ्यासाठी काय आहे, असं मी एकदा नंदकिशोर सरांना विचारलं होतं. ते आमचे कार्यक्रम अधिकारी, निवृत्तीला टेकलेले. म्हणाले, "तुझ्यासाठी चहा आहे. गार झालाय."

आता आमची खरी गोची सांगते. फोन-इनला फोन येत नाहीत. डॉक्टर येऊन बसतात, मी नंबर सांगते, पुन्हा सांगते, आणि फोन मुका तो मुकाच. मग काय करायचं, डॉक्टरांसमोर भजन म्हणायचं? म्हणून आम्ही आपापली माणसं तयार ठेवतो. एकीची नणंद अकोल्याची गृहिणी होते, दुसरीचा मेव्हणा नाशिकचा द्राक्ष बागायतदार. माझ्याकडे एकच माणूस आहे, माझे बाबा.

बाबांचं नाव धाकू. गिरणीत साच्यावर कापड विणायचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, आता मुंबईत वाकोल्याला माझ्याकडेच असतात. लग्न मी केलं नाही आणि आई गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. गिरणीच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी कधीकाळी दुसऱ्या हवालदाराचं काम केलं होतं. पहिल्या हवालदारापेक्षा आपण सरस होतो, हे त्यांचं मत अजून बदललेलं नाही. त्यामुळे फोन-इनचं काम म्हणजे त्यांच्या दृष्टीने नाटकच! मी सकाळी चहा पिताना भूमिका सांगायची, आणि त्यांनी दुपारी बरोबर वेळेला फोन लावायचा. ते कधी कुडाळचे काजूवाले झाले, कधी पालघरचे निवृत्त मास्तर, आणि देवगडचे धोंडिराम तर कायमचेच. धोंडिराम त्यांना फार आवडायचे, कारण त्यात मालवणी बोलता यायचं.

घरी मात्र या माणसाच्या तोंडातून अक्षर निघेल तर शपथ. गेल्या काही दिवसांत जेवण निम्म्यावर आलं होतं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तसं त्यांचं खाली जाणंही कमी झालं. रंग उतरल्यासारखा वाटायचा.

"बाबा, काही होतंय का?"

"खंय काय? मी बरो आसंय."

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"कित्याक? पैशे वर इलेत?"

म्हातारा हट्टी. मला आतून काळजी लागलेली, आणि त्या काळजीचाच राग यायचा. सांगा ना यार काय ते! पण खरं सांगायचं तर मी तरी कुठे नीट विचारत होते? घरात शिरायचे तेव्हा त्यांचा रेडिओ चालू असायचा. त्यावर बहुतेक मीच बोलत असायचे, सकाळी ध्वनिमुद्रित केलेली. मी चपला काढायच्या आधी ओरडायचे, "बाबा, बंद करा ते! दिवसभर तेच करून आलेय." ते बंद करायचे. मग आम्ही दोघं न बोलता जेवायचो, कारण मला आणखी एक शब्द नको असायचा.

त्या दिवशी आरोग्याचा फोन-इन होता. पाहुण्या होत्या मुलुंडच्या डॉक्टर पद्मजा. विषय मधुमेह. बाबांना सकाळीच पढवून ठेवलं होतं, "धोंडिराम व्हा आणि विचारा, साखरवाल्याने आंबा किती खावा."

"हापूस की रायवळ?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आवडीचा हो," मी म्हटलं आणि पळाले.

कार्यक्रम सुरू झाला. नणंदबाई अकोल्याहून बोलल्या. मग काचेपलीकडून नंदकिशोर सरांनी अंगठा दाखवला आणि मी हेडफोन सावरला.

"नमस्कार, आपण कोण बोलताय, कुठून बोलताय?"

"नमस्कार. मी देवगडसून धोंडिराम बोलतंय."

"बोला धोंडिराम. आपला प्रश्न विचारा."

पलीकडे जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मला वाटलं, रेडिओ चालू ठेवला असेल, आता कुईंकुईं होणार. मग आवाज आला. "डाक्टर बाय, माका दम लागता."

आंब्याचं काय झालं? माझ्या कपाळाला आठी पडली. म्हातारा संवाद विसरला की मुद्दाम बदलला? पण उतरलं होतं झकास. मी मनात म्हटलं, दुसरा हवालदार आज फॉर्मात आहे.

"कधी लागतो दम?" डॉक्टरांनी विचारलं.

"जिनो चढूक लागलंय काय. आदी तिसऱ्या माळ्यार लागा होतो. आता दुसऱ्यारच लागता. थंय शेजारणीची तुळशीची कुंडी आसा, कठड्याक धरून तिच्या बाजूक बसतंय. छातीत आवळल्यासारख्या होता. डाव्या हातात मुंग्या येतत."

देवगडच्या धोंडिरामाचं घर कौलारू होतं. मीच बांधून दिलं होतं त्यांना, अंगणासकट. त्याला दुसरा माळा कुठून येणार? तुळशीची कुंडी तर आमच्या शेजारणीची, सपनाची होती. जिन्यात ठेवली म्हणून सोसायटीने तिला दोनदा बोल लावला होता.

हातातला कागद मी टेबलावर पालथा ठेवला. तोंडावर आलं होतं, बाबा! पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी फोन ठेवला असता आणि संध्याकाळी पुन्हा 'मी बरो आसंय' सुरू झालं असतं. पहिल्यांदा हा माणूस बोलत होता. म्हणून मी आवाज होता तिथेच धरून ठेवला. आयुष्यात इतकं जड काम मी केलेलं नाही.

"धोंडिराम," मी म्हटलं, "हे किती दिवसांपासून होतंय आपल्याला?"

"गणपतीच्या आदीपासून."

"रात्री झोप लागते?"

"उश्या लावन बसान ऱ्हवतंय. आडवो झालंय की जीव घाबरता."

मी पलीकडच्या खोलीत झोपते. मधे नुसता पडदा आहे.

डॉक्टर पद्मजांचा चेहरा बदलला होता. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे आजच दाखवायचं. उद्या नाही, आजच. घरी कोणाला सांगितलंत का?"

"नाय."

"घरात कोण असतं?"

"चेडू आसा माझा. पण दमता ता, बाय. दिवसभर साऱ्या म्हाराष्ट्राचा आयकान घेता. घराक येता तेव्हा कान भरलेले आसतत. त्यात आणि माझा खंय घालू?"

काचेपलीकडे नंदकिशोर सर खुशीत मान डोलवत होते. मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं. मग स्वतःचं.

"धोंडिराम," मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कुठल्या कार्यक्रमातला ते मला कळेना. "तुमची मुलगी आत्ता हा कार्यक्रम ऐकत असेल तर?"

"आयकता ना. म्हणान तर फोन केलंय."

त्यावर काय बोलायचं याचा कागद माझ्याकडे नव्हता. मग मी म्हटलं, "फोन केल्याबद्दल धन्यवाद, धोंडिराम. शर्ट घालून बसा आणि दाराला कडी लावू नका," आणि गाणं सोडायची खूण केली.

गाणं लागताच सर दार ढकलून आत आले. "मानसी, जबरदस्त कॉल! वर्षभरात असा झाला नाही. बाबांना म्हणावं, हवालदार काय, फौजदार शोभता!"

"सर, ते नाटक नव्हतं."

सरांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग हळूहळू उतरलं. डॉक्टर पद्मजा म्हणाल्या, "मग तू इथे काय करतेस? पळ." सरांनी माझी खुर्ची ओढून घेतली, हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "जा गं. हा संपवतो. संध्याकाळी बालमित्रांनो पण मीच म्हणतो. घाबरली पोरं तर घाबरली."

जाता जाता सपनाला फोन केला, "बाबांजवळ जाऊन बस, त्यांना चालू देऊ नकोस." लोकलने सांताक्रूझला उतरून रिक्षा पकडली. रिक्षात रेडिओ चालू होता आणि नंदकिशोर सर घोगऱ्या आवाजात मधुमेहींना पायांची काळजी घ्यायला सांगत होते. मी रिक्षावाल्याला बंद कर म्हणाले नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून खुर्चीत बसले होते. कपाळाला घाम. मला बघून अपराध्यासारखे हसले.

"आंब्याचा इचारूक इसारलंय गो," ते म्हणाले.

"आंब्याच्या आयचा घो!" मी ओरडले, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. सपना दोघांना पाणी देत होती. मग तिने आणि तिच्या नवऱ्याने बाबांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. दुसऱ्या माळ्यावर बाबांनी कुंडीला हात लावून नमस्कार केला.

हॉस्पिटलात त्यांना खाटेवर घेतलं, छातीला वायरी लावल्या, कागदावर रेघा निघाल्या. त्या बघून तरुण डॉक्टर दोन नर्सशी कुजबुजला आणि घाईने बाबांकडे आला. "काका, काय होतंय? कधीपासून होतंय? नीट सांगा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"काय नाय," ते म्हणाले. "मी बरो आसंय."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं तोंडपाठ होतं, जिना, कुंडी, उश्या, मुंग्या. मीच सांगून मोकळी झाले असते. घसा बसला होता, पाय दुखत होते, बोलायचा कंटाळा तर जन्माचा आला होता. पण मी खाटेजवळ स्टूल ओढलं, बाबांच्या तोंडाजवळ कान नेला आणि माझा तो रोजचा, कोणालाही परका न वाटणारा आवाज काढला.

"नमस्कार. आपण कोण बोलताय, कुठून बोलताय?"

बाबांनी डोळे मिटले. उशीवरच मान सरळ केली, घसा खाकरला.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी वाकोल्यासून धाकू बोलतंय. माका बरा नाय."