भायेर बसवलेली सासू

मेथीच्या वाफ्यात आमी सासूसुना भांडत व्हतो. म्हंजे भांडत मी व्हते, अक्षया पालथ्या बादलीवर बसून ऐकत व्हती. तिला पाचवा लागलेला, वाकायचं न्हाय म्हनून मीच तिला तिथं बसवलेली. माझ्या पोरानं, अर्जुननं, हितं बर्मिंगहॅमात कौन्सिलकडनं भाजीपाला लावायला जमिनीचा तुकडा घेतलाय. आमच्या गावच्या खळ्याएवढा बी न्हाय, पन माती अशी तांबडी नि चिवट की खुरपं रुतलं की सुटंना. आनि हितला पाऊस म्हंजे निव्वळ चिकटा. धड पडत न्हाय, धड थांबत न्हाय, नुस्तं मानसाला भिजवत ऱ्हातो.

भांडन व्हतं दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनवरनं. अर्जुन कामाला ब्रॅकनेलला गेलेला, तवा सुनंसंगं मीच जानार व्हते. तर ही पोरगी बोलता बोलता म्हनाली, "आई, उद्या मुलगा की मुलगी तेही सांगतात. मी विचारणार आहे."

"खुळी का काय तू?" मी म्हनलं. "गुन्हा हाय त्यो."

"इथे नाही हो आई. इथे ज्याला हवं त्याला सांगतात. मला नाव ठरवायचंय, खोली लावायचीय. त्यात कसला आलाय गुन्हा?"

आता हिला काय सांगावं? गावाकडं मी बारा वर्सं आशाताईचं काम केलं. पोटुशा बायांच्या दारात जायाचं, गोळ्या द्यायच्या, बाळंतपनाला दवाखान्यात पोचवायचं. तालुक्याच्या सायबांनी एका डॉक्टराला धरायला सापळा लावला, तवा एका पोटुशीची नणंद बनून मीच आत गेलेले. त्यो लबाड तोंडानं काय बोलला न्हाय. कागदावर लाल शाईनं सही केली, म्हंजे मुलगी. त्या लाल सहीवर त्येला उचलला. मग शाळंच्या पटांगनात माझा सत्कार झाला, शाल आनि नारळ. सत्कार केला गावच्या सरपंचानं, म्हंजे आमच्याच मालकांनी. ज्ञानेश्वर नाव त्यांचं. लेक वाचवा म्हनून शाळंची भिंत त्यांनीच रंगवून घेतलेली. आनि भाषन असं ठोकलं की म्हाताऱ्या बाया पदरानं डोळं पुसायला लागल्या.

ह्योच गडी हिकडं येताना मला इमानतळावर बाजूला घिऊन म्हनला, तिकडं सांगत्यात म्हनं, तेवढं इचारून घे. कशापाय, म्हनलं. तर म्हनं, काय न्हाय, आपलं म्हाईत असावं. तवापासनं रोज फोन. जेवलीस का, थंडी सोसतीया का, ह्ये इचारनं न्हाय. स्कॅन कवा हाय, येवढंच.

मला त्येचीच धास्ती. पोरगी हाय म्हनून कळलं की ह्यो अर्जुनचं डोकं खानार. अर्जुन गुनी हाय, पन बापापुढं त्येची जीभ टाळ्याला चिकटती. मग सगळं त्या पोरीवर येनार. कळलंच न्हाय तर कुनी काय करायचा प्रश्न न्हाय, असा माझा हिशेब. पन सासऱ्याचं असलं बोलनं सुनंला कुठल्या तोंडानं सांगू? म्हनून मी गुन्हा गुन्हा करत बसले आनि ती हसत बसली.

दुसऱ्या दिवशी गेलो दवाखान्यात. खोलीत अंधार, स्कॅनवाली बाई पन्नाशीची, लई गोड बोलायची. काळीज दावलं, पाठीचा मनका दावला. बोटं चोखत व्हतं लेकरू. माझं बी मन भरून आलं. मग त्या बाईनं हात थांबवला आनि अक्षयाला इचारलं, मुलगा का मुलगी सांगू का. तेवढं विंग्रजी मला कळतंय. मी सवता अशीच गोड बोलून एकाला धरून दिलेला. वाटलं, ह्यो सापळा हाय, आता दारातनं सायब येत्यात आनि माझ्या सुनंला धरत्यात.

मी तटदिशी उठले, पडद्याफुडं हात आडवा धरला आनि वरडले, "नो टेल! नो टेल! पोलीस!"

त्या बाईचा चेहराच बदलला. माझ्याकडं बघितलं, अक्षयाच्या पोटाकडं बघितलं, आनि पडदा बंद केला. दुसरी एक नर्स आली. तिनं माझ्या कोपराला धरून मला हळूच भायेर आनलं, खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला आनि दार लावून घेतलं. अक्षया आतनं काय काय बोलत व्हती, पन कुनी ऐकलं न्हाय.

आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टर धरून दिलेली बाई मी, आनि सासुरवास करनारी म्हनून मला भायेर बसवतात? गावात कळलं तर तोंड दावायला जागा न्हाय.

चहा निवत गेला तशी मी बी निवले. अर्जुन अडीच वर्सांचा व्हता तवाची गोष्ट आठवली. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. सासूनं शहरात नेलं, अशाच अंधाऱ्या खोलीत. मी खाटंवर, सासू खुर्चीवर. डॉक्टर माझ्याशी बोललाच न्हाय, तिच्याशीच बोलला. सांजच्याला मोकळी हुन मी एसटीनं घरी आले. मालक अंगनात बसलेले. जेवायला वाढ म्हनले. मी वाढलं. त्या लेकराचं दुख मी कुनापाशी बोलले न्हाय. त्या दिवशी कुनी माझ्या सासूला असं उठवून भायेर बसवलं असतं, तर माझी लेक आज अठ्ठावीस वर्सांची असती.

अक्षया भायेर आली ती लाल हुनच. म्हनाली, त्यांनी विचारलं, घरी कोणी फोर्स करतंय का, सेफ वाटतं का. मी सांगितलं माझी सासू कोण आहे ते, तरी तीन वेळा तेच. मी कंप्लेंट करणार आहे.

"करू नगंस," मी म्हनलं. "मला एकदा बी कुनी इचारलं न्हवतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं. माझा हात धरला आनि बस थांब्यापातुर सोडला न्हाय. तिथं हळूच म्हनाली, "आई, मला सांगितलंय त्यांनी. तुम्हाला सांगू?"

मी नगं म्हनले. तवर फोन वाजलाच.

"काय सांगितलं?" मालक इचारत व्हते.

"मला खोलीतनं भायेर बसवलं."

"आँ? का?"

"संशय आला त्यास्नी. पोरगी हाय कळलं की सुनंच्या मागं लागनारं मानूस घरात हाय म्हनून."

मालक भडकलेच. असं कसं, तुझा सत्कार झालाय, फोटू दावायचा हुता, अर्जुनला सांगून त्यांची तक्रार करू, आमच्या घरात असलं चालत न्हाय म्हनावं, असं बरंच. मी समदं बोलू दिलं.

"तक्रार कशाची?" मी म्हनलं. "संशय खरा हाय. तुमी हितं न्हवता, म्हनून तुमच्या जागी मी बसले."

पलीकडं त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मला वाटलं, लागलं कुटंतरी आत. मग घसा खाकरला.

"बरं, ते ऱ्हाऊ दे शशे," मालक म्हनले. "पन हाय काय?"